भुलीची भूल

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. तो शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतो. त्यामुळे फराळाच्या ताटाशेजारी औषधशास्त्राचे जाडजूड पुस्तक उघडे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, पण मला त्या पुस्तकाची ओढ लागण्याचे कारण निराळे होते. दिवाळीनंतर माझे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते आणि मी मनातून पुरता घाबरलो होतो. प्रत्येक औषधाखाली दोन याद्या : ते काय करते, आणि नको असताना आणखी काय काय करून बसते.

"ही दुसरी यादी कुणी शोधली रे?" मी विचारले.

"मामा, शोधली कसली? माणसे दगावली, तेव्हा कळली."

हातातली करंजी मी तशीच ठेवली. मग महिनाभर जुन्या हकिकती वाचल्या. त्यांतली ही एक.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या इस्पितळात ईथर हुंगवून केलेली शस्त्रक्रिया जगाने पाहिली. पण ईथरला उग्र दर्प. घसा जळे, खोकला येई. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री एडिंबरोचे डॉ. सिम्पसन आणि त्यांचे दोन सहकारी जेवणाच्या टेबलाशी क्लोरोफॉर्म हुंगत बसले आणि थोड्याच वेळात तिघेही आडवे झाले! गोडसर वास, रुमालावर थोडेसे थेंब, की काम झाले. डॉक्टर मंडळी हरखून गेली.

तीन महिने उलटतात न उलटतात तोच, २८ जानेवारी १८४८ ला, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी दगावली. काढायचे होते केवळ पायाचे नख. बिचारी आधीपासून रडत होती. रुमाल नाकाशी धरला आणि काही मिनिटांत सारे संपले. सिम्पसन म्हणाले, शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेल्या ब्रँडीने ती गुदमरली. लंडनचे डॉ. जॉन स्नो म्हणाले, नव्हे, तिचे हृदयच थांबले. पुढे १८५३ मध्ये याच स्नोंनी व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला, पण अगदी मोजूनमापून. भीती होती म्हणूनच हात जपून चालला.

वाद मात्र मिटेना. श्वास आधी थांबतो की हृदय? आणि वाचकहो, या वादाचा निकाल लावण्याचा मोठा खटाटोप आपल्या शेजारी, हैदराबादेत झाला. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचा ठाम सिद्धांत : नाडीकडे पाहूच नका, फक्त श्वासावर नजर ठेवा, क्लोरोफॉर्म हृदयाला धक्का लावत नाही. १८८८ मध्ये पहिले कमिशन बसले. विलायतेत त्यावर विश्वास बसेना, तेव्हा १८८९ मध्ये दुसरे. निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले, 'लॅन्सेट' साप्ताहिकाने डॉ. लॉडर ब्रंटन यांना धाडले. धोका हृदयाला, असे मानणारे हे गृहस्थ. चारशेंहून अधिक मुक्या जनावरांवर प्रयोग झाले. दर खेपेस श्वास आधी थांबला, हृदय मागाहून. ब्रंटनसाहेबांनी मत बदलले. निकाल लागला!

निकाल चुकीचा होता. प्रयोग खोटे नव्हते. प्रश्न अपुरा होता. औषध जास्त झाले, तर श्वास आधी बंद पडतो हे खरेच. पण हॅनाला जास्त झालेच नव्हते. तिची गुंगी अर्धवट होती. १९११ मध्ये डॉ. गुडमन लेव्ही यांनी मांजरांना हलकी गुंगी देऊन ॲड्रिनलिन टोचले आणि हृदयाची लय तुटून ते नुसते थरथरू लागले. ॲड्रिनलिन म्हणजे भय वाटले की आपल्याच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून रक्तात उतरणारा रस. क्लोरोफॉर्म हृदयाला त्या रसापुढे हळवे करून सोडतो. घाबरलेले माणूस आणि अर्धी गुंगी, घात इथे होता. त्याखेरीज यकृतालाही हे औषध बाधे, दिवसांनंतर. म्हणूनच आज भुलीसाठी ते वापरीत नाहीत.

लॉरींची भूल कसली? सापडलेले अर्धे सत्य त्यांनी पुरते मानले आणि नाडीवरचा हात काढायला शिकवले. वर्गात मीही कितीदा असे केले असेल!

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. मोठा धीर करून मी म्हणालो, "बाई, मला फार भीती वाटते."

"सांगितलेत ते बरे केलेत," त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या, माझी नाडी धरली, आणि उद्या काय काय होणार ते सावकाश सांगू लागल्या.