शब्दसंगती, इंग्रजी : चिनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील

विशिष्ट शब्द विशिष्ट शब्दांच्याच सोबतीने येण्याच्या भाषिक प्रवृत्तीस शब्दसंगती म्हणतात. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांच्या १९५० च्या दशकातील लेखनामुळे ही संकल्पना रूढ झाली. जोरदार पावसाला इंग्रजीभाषक ‘हेवी रेन’ म्हणतात. ‘बिग रेन’ व्याकरणात बसते, पण कानाला खटकते. चिनीत मात्र पाऊस ‘मोठा’च असतो, त्यामुळे चिनी विद्यार्थी ‘बिग रेन’ सहज लिहून जातो.

क्रियापद आणि नाम यांच्या जोडीत सर्वाधिक अडखळायला होते. चिनीतील ‘खाय’ हे एकच क्रियापद दार, दिवा, मोटार आणि सभा या चारही नामांना चालते. इंग्रजीत प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद लागते. मराठीतही आपण दार उघडतो, दिवा लावतो, मोटार चालवतो, सभा घेतो. चिनीतील त्या एकाच क्रियापदामुळे ‘ओपन द लाइट’ हा प्रयोग चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत आढळतो. ‘ईट मेडिसिन’ आणि ‘लर्न नॉलेज’ यांचे मूळही मातृभाषेतच आहे. यांतील एकेक शब्द शाळेपासून परिचयाचा असतो. तेव्हा या चुकांना शब्दसंग्रहाचे दारिद्र्य म्हणणे अन्यायाचे आहे.

ग्वेइ शिचुन व यांग ह्वेइझोंग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनसंचामुळे या विषयाच्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला. सुमारे १० लाख शब्दांच्या या संचात माध्यमिक शाळेपासून इंग्रजी मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंतचे लेखन असून त्यातील चुकांवर खुणा केलेल्या आहेत. शब्दसंगतीच्या चुकांचे सहा उपप्रकार तेथे वेगळे नोंदवले आहेत. अशा संचांतून चुकांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट दिसते : ओळखीच्या, बिनधोक जोड्यांचा अतिवापर. असे लेखन निर्दोष असूनही एकसुरी वाटते.

शब्दसंगतीच्या या चुकांची मुळे परीक्षापद्धतीतही आहेत. इंग्रजी सोडून इतर विषयांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी १९८७ पासून राष्ट्रीय पातळीवर ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’ घेतली जाते. तिच्या तयारीसाठी वर्णानुक्रमे लावलेल्या शब्दपुस्तिका पाठ करण्याची चाल आहे. इंग्रजी शब्द आणि समोर चिनी अर्थ. शब्द असा एकटा शिकला, की त्याला सोबत मातृभाषेतली मिळते. २००७ च्या महाविद्यालयीन इंग्रजी अभ्यासक्रमाने प्राथमिक पातळीला ४,७९५ शब्दांची अपेक्षा ठेवली होती, वाक्प्रयोगांची फक्त ७००. हे प्रमाणच व्यस्त होते.

पाठांतर सरसकट निरुपयोगी मात्र नाही. डिंग यानरेन यांनी २००७ च्या अभ्यासात राष्ट्रीय इंग्रजी वक्तृत्व व वादविवाद स्पर्धांत बक्षिसे मिळवलेल्या तिघा चिनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. एल. जी. अलेक्झांडर यांच्या ‘न्यू कॉन्सेप्ट इंग्लिश’मधील उतारे किंवा चित्रपटांचे संवाद त्यांनी मुखोद्गत केले होते. आधी सक्तीचे वाटलेले हे पाठांतर पुढे त्यांच्या अंगवळणी पडले, आणि त्यातूनच कोणत्या शब्दाशेजारी कोणता येतो याकडे लक्ष जाऊ लागले, असे ते सांगतात. चीनमधील अध्ययनाची जुनी पठणपरंपरा मागास ठरवून मोडीत काढणाऱ्यांनी या साक्षीचा गंभीरपणे विचार करायला हवा. पाठ केलेल्या उताऱ्यात शब्द आपल्या सोबत्यांसह येतो, यादीत तो एकाकी असतो.

अलीकडे चिनी विद्यापीठांत निबंध तपासणाऱ्या संगणकप्रणाली वापरल्या जातात. मोठ्या इंग्रजी लेखनसंचांशी ताडून त्या विजोड शब्दजोडी दाखवतात आणि रूढ पर्याय सुचवतात.