आतड्याच्या कर्करोगावर एनके पेशी : उपचाराचा इतिहास

नॅचरल किलर पेशी, संक्षेपाने एनके पेशी, १९७५ मध्ये उजेडात आल्या. पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या पेशींना मारतात की नाही, हे तेव्हा क्रोमियम-५१ च्या चाचणीने तपासत. कर्करोगाच्या पेशींमध्ये आधी हे किरणोत्सारी क्रोमियम भरत, मग त्यांत पांढऱ्या पेशी मिसळून काही तास थांबत. जितक्या पेशी फुटतील तितके क्रोमियम द्रवात उतरे आणि यंत्रावर मोजले जाई. तुलनेसाठी ज्यांचा त्या कर्करोगाशी कधी संबंध आला नव्हता अशा प्राण्यांच्या किंवा माणसांच्या पांढऱ्या पेशी घेत. त्यांच्या नळीत काही घडू नये अशी अपेक्षा असे. पण तिथेही क्रोमियम उतरलेले दिसे. बराच काळ हा चाचणीतला दोष मानून तो आकडा वजा केला जात होता. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विग्झेल आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रोनाल्ड हर्बरमन यांनी मात्र हे एका वेगळ्या प्रकारच्या पेशींचे काम असल्याचे दाखवले.

या पेशी शत्रू कसा ओळखतात, याचा उलगडा व्हायला आणखी दहा वर्षे लागली. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए प्रथिने असतात. टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी याच प्रथिनांवर मांडलेले पेशीतील प्रथिनांचे तुकडे तपासून परका ओळखतात. त्यामुळे टी-पेशींना चुकवायला कर्करोगाच्या काही पेशी ही प्रथिने काढून टाकतात. १९८६ मध्ये क्लास कारे व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की, एनके पेशी नेमक्या अशाच पेशींवर तुटून पडतात. १९९९ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी दुसरी खूण दाखवली. ताणाखालील पेशी मायका नावाचे प्रथिन बाहेर काढतात आणि एनके पेशींवरील एनकेजी२डी हा ग्राहक (रिसेप्टर) ते पकडतो.

उपचार मात्र या उलगड्याच्या आधीच सुरू झाला होता. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८५ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २५ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-२ या औषधात काही दिवस वाढवायच्या आणि त्याच औषधासह परत द्यायच्या, अशी पद्धत होती. या मिश्रणातील मारक काम मुख्यतः एनके पेशींचे होते. ११ रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. त्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेले रुग्णही होते. पण इंटरल्युकिनच्या मोठ्या मात्रेने रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरे, रक्तदाब घसरे, अतिदक्षता विभाग गाठावा लागे. १९९३ मधील तुलनात्मक चाचणीत पेशी दिल्याने नुसत्या औषधापेक्षा ठळक फायदा दिसला नाही आणि ही पद्धत मागे पडली.

दरम्यान शल्यचिकित्सेत काढलेल्या गाठींचा अभ्यास सुरू झाला. १९९७ मध्ये स्पेनमधील एका गटाने मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या तेव्हा, ज्या गाठींत एनके पेशी भरपूर होत्या ते रुग्ण अधिक काळ जगल्याचे आढळले. मात्र अशा गाठी थोड्याच. २०११ मध्ये हायडेलबर्गच्या अभ्यासातही तेच दिसले : पेशींना बोलावणारी रसायने गाठीत मुबलक, पण एनके पेशी जवळजवळ नाहीतच. ज्या पोचतात त्यांनाही टीजीएफ-बीटा हे रसायन निष्प्रभ करते. शिवाय गाठ मायकाचे तुकडे रक्तात सोडते आणि ते एनके पेशींचे ग्राहक अडवून बसतात. आतड्याच्या कर्करोगात मारण्याच्या ताकदीपेक्षा गाठीपर्यंत पोचून तिथे टिकणेच अवघड ठरले.

२००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सेटुक्सिमॅबने एनके पेशींना आडवाटेने कामाला लावले. हे प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीवरील ईजीएफआर या ग्राहकाला चिकटून वाढीचा संदेश रोखते. त्याचे मोकळे टोक एनके पेशी सीडी१६ या ग्राहकाने पकडते आणि कर्करोगाच्या पेशीला मारते. औषधाच्या एकूण परिणामात या दुसऱ्या मार्गाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत झाले नाही. केआरएएस जनुकात बदल असेल तर औषध उपयोगी पडत नाही, हे २००८ पर्यंत स्पष्ट झाले.

रुग्णाच्या स्वतःच्या पेशींऐवजी दात्याच्या पेशी वापरण्याला बळ मिळाले ते रक्ताच्या कर्करोगातून. २००२ मध्ये इटलीतील पेरुजा येथील गटाने अस्थिमज्जा प्रत्यारोपणात दात्याच्या एनके पेशी ल्युकेमिया परतू देत नाहीत, असे दाखवले. २००५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जेफ्री मिलर यांनी नातलगांच्या एनके पेशी दिल्यावर बिकट अवस्थेतील १९ पैकी ५ ल्युकेमिया रुग्णांचा रोग पूर्ण ओसरला. परक्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला चढवतात. एनके पेशींबाबत हा धोका फारच कमी असतो. त्यामुळे एका दात्याच्या पेशी अनेकांना देण्याची कल्पना व्यवहार्य ठरली. २०२० मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने नाळेच्या रक्तातील एनके पेशींना कृत्रिम ग्राहक, म्हणजे कार, बसवून लिम्फोमा व ल्युकेमियाच्या ११ रुग्णांना दिल्या. ८ जणांना गुण आला.

आतड्याच्या कर्करोगात कार-एनके पेशी त्याआधीच, २०१९ मध्ये, चीनमध्ये वापरल्या गेल्या. रुग्ण तीनच होते. एनकेजी२डीवर आधारलेला ग्राहक एमआरएनएद्वारे बसवला होता, त्यामुळे तो काही दिवसच टिके आणि जोखीम आटोक्यात राही. पेशी शिरेतून न देता थेट पोटाच्या पोकळीत सोडल्या. दोघांच्या पोटात रोगामुळे साचणारे पाणी कमी झाले. तिसऱ्याच्या यकृतातील गाठीत सोनोग्राफीच्या आधाराने पेशी टोचल्या, तेव्हा तिथली गाठ आक्रसली.

आतड्याच्या कर्करोगात इम्युनोथेरपीचे मोठे यश आजवर टी-पेशींवरील रोध काढणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधांना मिळाले आहे. तेही डीएनए-दुरुस्ती बिघडलेल्या गाठींतच मिळाले, आणि पसरलेल्या रोगात अशा गाठी शंभरात जेमतेम पाच असतात. बाकीच्या रुग्णांसाठी एनके पेशींवरचे काम सुरू आहे. प्रतिपिंडांची जोड देणे, टीजीएफ-बीटाला दाद न देणाऱ्या पेशी घडवणे आणि पेशी थेट गाठीजवळ पोचवणे या त्याच्या मुख्य दिशा आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर एनके पेशींचा उपचार अजून प्रायोगिक पातळीवर आहे; शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांची जागा त्याने घेतलेली नाही.