ड्युकोची चमक

फर्निचर रंगवणारा कारागीर आजही विचारतो, ‘ड्युको मारायचा का?’ हा शब्द मोटारींच्या रंगातून आला. सुरुवातीच्या मोटारींना रोगण ब्रशने लावत. (‘रोगण’ फारसीतून आलं, मूळ अर्थ तेल.) एकेक थर वाळता वाळता गाडी तयार व्हायला आठवडे जात. फोर्डने तर १९१४ ते १९२५ मॉडेल टी काळ्या रंगातच विकली.

१९२३ साली ड्युपाँ आणि जनरल मोटर्सने ‘ड्युको’ आणला. फवारायचा, झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर. रंगांची चंगळ झाली, पण याला स्वतःची चमक फारशी नव्हती. घासून ती आणावी लागे आणि उन्हात ती पुन्हा मंदावे. म्हणून पॉलिश, आणि वर ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण.

सवय तेव्हाची, गाड्या मात्र बदलल्या. आता रंगावर क्लिअर कोट असतो, केसाहून पातळ. मेण त्यावर बसतं; पॉलिश त्यालाच खरवडतं. तरी शोरूममधून आलेली कोरी गाडी महिन्याभरात ‘रबिंग’ला नेणारे हौशी भेटतातच. अहो, तिला धुणं आणि मेण पुरे. पॉलिश ओरखडा पडेल तेव्हा, आणि तेही तेवढ्याच जागी.