रझाकार म्हणजे स्वयंसेवक: आपल्या जिल्ह्याच्या तेरा महिन्यांची गोष्ट

'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ काय, असं कुणाला विचारलं तर आपल्याकडे बहुतेक जण 'अत्याचारी', 'गुंड' असं काहीतरी सांगतील. आजही गावात एखादा दांडगाई करायला लागला की म्हातारी माणसं म्हणतात, 'काय रझाकारी लावलीय?' पण शब्दाचा खरा अर्थ आहे स्वयंसेवक. स्वतःच्या मर्जीने, बिनपगारी सेवा करणारा.

म्हणजे ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत आपल्या जिल्ह्यात विशी-बाविशीची दोन प्रकारची पोरं स्वयंसेवक होती. एक स्टेट काँग्रेसच्या कॅम्पात, दुसरी कासीम रझवीच्या फौजेत. दोघांनीही घर सोडलं, दोघांनाही वाटत होतं आपण फार मोठ्या कामासाठी निघालोय.

हे आज लिहायचं कारण असं की निवडणुका आल्या की आपल्या तालुक्यात शे-दोनशे पोरं कॉलेज, शेती, दुकान सोडून कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या मागं वर्षभर फिरतात. काही मनापासून, काही दुसरं काम नाही म्हणून. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांच्याच वयाच्या पोरांनी याच मातीत एक वर्ष कसं घालवलं आणि त्याचं काय झालं, तेवढं सांगायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. निजामाच्या राज्यात १६ जिल्हे, त्यातले मराठी बोलणारे पाच. आपला उस्मानाबाद जिल्हा तेव्हा मोठा होता, लातूर आपल्यातच होतं, ते १९८२ला वेगळं झालं. राज्याचं चलन वेगळं (हाली सिक्का), जकात वेगळी (तिला करोडगिरी म्हणत), सरकारी कामकाज उर्दूत. सभा घ्यायची तर परवानगी. 'गश्ती निशान ५३' नावाचा एक हुकूमच होता, त्याखाली साधी सार्वजनिक सभाही सरकारला विचारल्याशिवाय होत नसे. त्यामुळे इथलं राजकारण सुरू झालं ते सभेत नाही, तर शाळेत, वाचनालयात, तालमीत आणि परिषदेत.

लोहारा तालुक्यातलं हिप्परगा हे त्यातलं महत्त्वाचं गाव. १९२१मध्ये तिथं राष्ट्रीय शाळा निघाली. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेला व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण पुढे तिथं शिकवायला आला. तेच नंतर स्वामी रामानंद तीर्थ झाले. म्हणजे हैदराबादच्या लढ्याचा सर्वांत मोठा नेता आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होता. १९३७ला परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, १९३८ला लातूरला. त्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह झाला. बंदी उठली ती थेट १९४६ला. उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीच्या वेदप्रकाश या आर्यसमाजी तरुणाचं बलिदानही याच तिसाच्या दशकाच्या अखेरचं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की १९४७ला जी पोरं घराबाहेर पडली, ती एका रात्रीत तयार झालेली नव्हती. दहा वर्षं कुणीतरी त्यांना पुस्तकं दिली होती, व्यायाम शिकवला होता, पत्रकं वाचून दाखवली होती.

७ ऑगस्ट १९४७ला स्टेट काँग्रेसनं 'भारतात सामील व्हा' दिन पाळला. स्वामीजींना अटक झाली. १५ ऑगस्टला सोलापुरात, बार्शीत तिरंगा फडकला आणि बार्शीच्या अलीकडं, आपल्याकडं, तिरंगा लावणं गुन्हा ठरला. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजं सोडली, पुढे वकिलांनी कोर्टं सोडली. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. दिल्लीला उसंत मिळाली, पण इथल्या खेड्यांना मिळाली नाही.

आपला भूगोल बघा म्हणजे पुढचं कळेल. परंडा, भूम, कळंब, तुळजापूर हा सगळा पट्टा तेव्हाच्या सोलापूर जिल्ह्याला लागून. सीमा सरळ नव्हती. एका शिवारात निजाम, पलीकडच्या शिवारात हिंदुस्थान. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडी, बार्शी, पांगरीवरून बालाघाटाच्या डोंगरातून येडशीला यायची आणि पुढे लातूरला जायची. त्या एका प्रवासात राज्य बदलायचं, पैसा बदलायचा, कायदा बदलायचा. रझाकारांचा त्रास वाढला तशी इकडची कुटुंबं याच गाडीनं, बैलगाडीनं, पायी बार्शी-सोलापूरकडं सरकली.

आणि त्याच सीमेवर कॅम्प उभे राहिले. गौडगाव, चिंचोली ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. जिल्ह्याच्या कामात फुलचंद गांधी, देवीसिंग चौहान, नरसिंगराव देशमुख, उद्धवराव पाटील ही मंडळी पुढे होती. वरच्या पातळीवर कृती समिती होती, दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव वगैरे. असे कॅम्प संस्थानच्या चारी बाजूंना होते. चांद्याकडच्या कॅम्पचं काम बघणाऱ्यांत एक तरुण होता पी. व्ही. नरसिंह राव. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले.

कॅम्पातल्या पोराचं वर्ष कसं जायचं? सिनेमात दाखवतात तसं रोज धुमश्चक्री नसायची. पत्रकारितेत नवा होतो तेव्हा १७ सप्टेंबरच्या अंकासाठी काही वयस्कर सैनिकांशी बोलायला मिळालं होतं. बंदुकीपेक्षा ते चालण्याबद्दल जास्त बोलायचे. रात्रीचं चालणं, ओढ्यानं चालणं, पावसात चालणं. निरोप पोचवायचा, पत्रकं आत न्यायची, बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना सीमेपर्यंत सोडायचं, कोणत्या गावात पोलीस नाकं आहे त्याची खबर आणायची. शिंदीची झाडं तोडायची, कारण शिंदीच्या आबकारीवर सरकारचं उत्पन्न. करोडगिरीची नाकी जाळायची. लेव्हीचं धान्य देऊ नका म्हणून गावोगाव सांगायचं. चावडीतलं दप्तर जाळायचं, म्हणजे वसुलीच थांबते. १९४८ उजाडल्यावर हत्यारं आली, ठाण्यांवर हल्ले झाले, माणसं मेली. आणि हे सगळं ज्यांच्या भाकरीवर चाललं त्या बायकांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. रात्री-अपरात्री दार उघडून भाकरी-चटणी बांधून देणारी बाई पकडली गेली असती तर तिचं घर जळालं असतं.

आता दुसऱ्या बाजूचे स्वयंसेवक. कासीम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे तोही आपल्याच जिल्ह्यातला. तो इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी झाला आणि रझाकार संघटना त्याच्या हातात आली. गणवेश, कवायत, शपथ, घोषणा सगळं होतं. फक्त एक नव्हतं. 'इथं थांब' असं सांगणारं कुणी नव्हतं. उलट नेत्याच्या प्रत्येक भाषणात आवाज चढतच जायचा. सरकार त्यांना अडवत नव्हतं, पोलीस बघून न बघितल्यासारखं करत होते. मग जे व्हायचं तेच झालं. गावं लुटली, जाळली, माणसं मारली.

इथं एक गोष्ट विसरू नये. सगळे मुसलमान रझाकार नव्हते. शोएबुल्ला खान हे नाव प्रत्येक पत्रकारानं पाठ करावं असं आहे. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक, वय तिशीच्या आत. रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन व्हावं म्हणून लिहीत राहिला. ऑगस्ट १९४८मध्ये रात्री घरी जाताना त्याला मारलं. पोलीस कारवाईला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून आत आलं. पहिली मोठी झुंज आपल्या नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत सैन्यानं ताब्यात घेतला. त्याच दिवशी नळदुर्गजवळ हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या अशोक चक्राच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. पंजाबचा माणूस, मेला आपल्या नळदुर्गला. आपल्या किती शाळांत हे शिकवतात? तुळजापूरला दोन तास लढाई झाली, दुपारपर्यंत उमरगा पडलं. १४ला उस्मानाबाद शहर. १७ला निजामानं शरणागती पत्करली.

दरवर्षी १७ सप्टेंबरची भाषणं इथं संपतात. झेंडा, राष्ट्रगीत, पालकमंत्री, चहा. पण स्वयंसेवकाची खरी परीक्षा १८ तारखेला सुरू झाली.

पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतरच्या आठवड्यांत आपल्या भागात मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकार कोण, रझाकारांना कंटाळलेला शेजारी कोण, हे बघायला जमाव थांबला नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. सर्वांत वाईट चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून कमी माणसं मेली नसावीत, असं ते लिहितात. सीमेपलीकडून आलेल्या सशस्त्र माणसांचाही उल्लेख आहे. सरदार पटेलांना हा अहवाल पटला नाही, रझाकारांनी आधी काय केलं ते त्यात पुरेसं आलेलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आलाच नाही. आकड्यांवर वाद घाला, घालायलाच हवा. पण झालंच नाही असं म्हणता येत नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं. विशेषतः विणकरांनी विणकरांना. माझ्या मते त्या तेरा महिन्यांतली ही सर्वांत मोठी स्वयंसेवकी. तिला ना कॅम्प होता ना झेंडा. कुणी आदेश दिला नाही, नंतर कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

रझाकारांशी लढणं हे धैर्याचं काम होतं, त्यात वाद नाही. पण लढाई जिंकल्यावर समोरच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याच्या, अत्ताराच्या दारात उभं राहून आपल्याच माणसांना 'मागं फिरा' म्हणणं, हे त्याहून अवघड. ज्यांना वाचनालयानं, शाळेनं, चांगल्या मास्तरानं घडवलं होतं त्यांच्यापैकी काहींना ते जमलं. ज्यांना फक्त घोषणा मिळाल्या होत्या त्यांना जमलं नाही. मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

पुढं काय झालं? १९४९ला जहागिऱ्या गेल्या. १९५०ला हैदराबादचा कुळकायदा आला. १९५२ला पहिली निवडणूक. फुलचंद गांधी, देवीसिंग चौहान हैदराबाद राज्याचे मंत्री झाले. उद्धवराव पाटील, नरसिंगराव देशमुख शेतकरी कामगार पक्षात गेले आणि उद्धवरावांनी पुढे विरोधी बाकावरून सरकारला वर्षानुवर्षं सोडलं नाही. कालचे सोबती आज समोरासमोर, पण ते भांडण कुळाचं, पाण्याचं, भावाचं होतं. बहुसंख्य पोरं मात्र गुपचूप घरी गेली. कुणी मास्तर झालं, कुणी शेती केली.

भूमिगत माणसाकडं कागद नसतो. पेन्शन सुरू झाली तेव्हा नेमकी तिथंच अडचण झाली. खरा सैनिक दाखला शोधत फिरला आणि कॅम्पाचं तोंडही न बघितलेल्यांनी दाखले मिळवले. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण २००५ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फुकटच्या सेवेचीसुद्धा नक्कल होते, हे आपल्याला तेव्हा कळलं.

तर, आज पक्षाचं उपरणं गळ्यात घालून फिरणाऱ्या पोरांनो, वर्ष द्यायचं तर जरूर द्या. आपला जिल्हा २०१८पासून देशातल्या आकांक्षित, म्हणजे मागास जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथं कामाला माणूस कमीच आहे. पण ज्याच्या मागं जाताय त्याला तीन गोष्टी विचारा. मला फ्लेक्सवरच्या फोटोशिवाय काय शिकवणार? मी चुकीचं काही करायला लागलो तर मला अडवणार कोण? आणि आपण जिंकलो, तर दुसऱ्या दिवशी हरलेल्याच्या गल्लीत मला कशाला पाठवणार, गुलाल उधळायला की नळाचं पाणी येतंय का बघायला?

उत्तर मिळालं नाही तर ते वर्ष घरच्या सोयाबीनला द्या.

आणि एक काम आजच करा. त्या काळात दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. प्रत्येक गावात एखाद-दुसरं असेल. आजोबा-आजीजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. रझाकारांनी काय केलं ते विचारा, कॅम्पात कोण गेलं ते विचारा, आणि नंतर कुणी कुणाला घरात लपवलं तेही विचारा. तिसरा प्रश्न आपण आजवर फार कमी वेळा विचारलाय.