परतीच्या तारखा

सकाळचे सहा वाजलेत. शहाडमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ग्रिलमध्ये मांडलेल्या बारा कुंड्यांसमोर तुम्ही उकिडवे बसता. जूनचा पहिला आठवडा. रात्री एक सर येऊन गेली, त्यामुळे आज पाणी घालायचं की नाही हे माती बोटाने चाचपून ठरवायचं. कढीपत्त्याला नको. मोगऱ्याला घोटभर. जास्वंदीच्या शेंड्यावर पुन्हा पिठ्या ढेकूण आलाय. तो ओल्या चिंधीने पुसून काढायचा, औषध मारायचं नाही, कारण काल तिथे बुलबुल येऊन बसला होता. पलीकडे टिटवाळा लोकल थांबते, सुटते.

फोन थरथरतो. न्यू जर्सीतली मैत्रीण. तिच्याकडे काल रात्रीचे साडेआठ. तुमची प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नाही. वीसेक वर्षांपूर्वी तुमच्या एका लेखात एका झाडाचं नाव चुकलं होतं, तिने ते कळवलं, आणि तेव्हापासून बोलणं थांबलेलं नाही. आज ती लिहिते, "रविवारी पोकीप्सीला जातोय, आनंदीबाई जोशींच्या स्मृतिशिळेपाशी. तुमच्याकडून काही सांगू का?"

तुम्हाला पटकन उत्तर सुचत नाही. मांडीवर पुस्तक आहे, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून बदलून आणलेलं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', फार जुनी प्रत. मागच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवली आहे. ती भरली की तिच्यावर दुसरी, मग तिसरी. कोपऱ्यातून नख घातलं तर थर सुटतो. तुम्ही नख घालता.

जुलै 2005 चा शिक्का.

खिशात हात घाला. फोन नाही. तुम्ही तळमजल्यावर आहात, तीच इमारत, पण भिंती ओल्या आहेत. टेबलावर जाडजूड पाठीचा कॉम्प्युटर, शेजारी मोडेम. रोज रात्री हा मोडेम खरखरतो, शिट्टी मारतो, आणि जग उघडतं. मराठी टाइप करायला तुम्ही नुकतेच शिकला आहात. युनिकोड आला, तरी पलीकडच्याच्या मशिनवर तुमच्या अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, पहिली वेलांटी उडी मारून अक्षराच्या पुढे जाते. तरीही लिहायचं. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला, आणि तिथल्या एखाद्या झाडावरच्या चार ओळी पाहून सुद्धा आपली भाषा नव्या घरात राहायला निघाल्यासारखं वाटतं. लेख लिहून झाला की फोनचं बिल आठवतं, मोडेम बंद होतो.

आज मंगळवार, 26 जुलै. पाऊस दुपारपासून थांबलेला नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला हे तुम्हाला फार उशिरा कळणार आहे. आत्ता एवढंच कळतंय की उल्हास नदी तिच्या जागी राहिलेली नाही. बदलापूरचं पाणी आता इथे आहे. पायऱ्या एक एक करून दिसेनाशा होतात. वीज गेली. अंगणातल्या जमिनीत लावलेला मोगरा पाण्याखाली गेला, अनंत गेला, आता कुंपणाच्या खांबांची टोकं तेवढी वर आहेत.

काय उचलायचं? अशा वेळी माणसाला आपलीच चीज दिसते असं म्हणतात. तुम्ही पहिल्यांदा उचलता ते वाचनालयाचं पुस्तक, कारण ते आपलं नाही. ते डोक्यावर धरून जिन्यात येता तेव्हा त्याची खालची कडा ओली झालेली असते. (ती पिवळी रेघ आजही आहे. दंड भरायची तयारी दाखवलीत, पण समोरच्या माणसाने फक्त पान सुकलंय ना एवढं पाहिलं.) मग दप्तर, मग तांदूळ. कॉम्प्युटर राहतो. त्यात तीन वर्षांचं लिखाण असतं आणि ते सगळं जातं.

पाणी ओसरतं, गाळ उरतो. चिकट, करडा, एक वीतभर. फोन बरेच दिवस मुका असतो. शेवटी तुम्ही चिखलातून कल्याणला जाऊन एका सायबर कॅफेत तासाचे पैसे भरता, आणि पडदा उजळताच दिसतं की तुमच्या नावाने निरोपांची रांग लागली आहे. पुण्याहून, बंगळुरूहून, मस्कतहून. बहुतेकांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. न्यू जर्सीचा शेवटचा निरोप दोनच ओळींचा आहे, तुम्ही बरे आहात ना, आणि मोगऱ्याचं काय झालं. तिथे, त्या खुर्चीत, तुम्हाला पहिल्यांदा रडू येतं.

मोगरा मेला नव्हता. गाळ बाजूला केल्यावर बुडख्यातून लालसर फुटवा आला. आज तिसऱ्या मजल्यावर जो आहे तो त्याच्याच फांदीचा.

अजून एक थर सोडवा. कागद आता जाड, खरखरीत आहे.

1956. हे पुस्तक याच वर्षीचं, आणि नाकाला येणारा हा नवा वासही याच वर्षीचा. सेंच्युरी रेयॉन सुरू झालं आहे. लगद्यापासून धागा काढायचा म्हणजे रसायनं आली. पाळीचा भोंगा होतो आणि सायकलींची रांग फाटकातून बाहेर पडते. शेजारी उल्हासनगर, लढाईच्या काळात सैन्यासाठी उठवलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, आणि 1949 मध्ये त्या वस्तीला नदीवरून नाव मिळालं. तुमच्या परसाला लागून राहणाऱ्या सिंधी आजी मराठी बोलत नाहीत. त्या कुंपणावरून मेथीचं बी मुठीत देतात, तुम्ही अळूचा कंद देता.

भोंगा आणि दुर्गाबाईंचं पुस्तक एकाच वर्षी दारात यावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. एकाने इथल्या माणसाला घड्याळाच्या तीन पाळ्या लावून दिल्या; दुसऱ्याने सांगितलं की वर्षाला बारा महिने आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. तुम्ही दुसरी पाळी करून येता, कंदिलाची वात वर करता आणि वाचता. मग निळं अंतर्देशीय पत्र उलगडता. 1950 पासून मिळायला लागलेलं हे पत्र लिहिणाऱ्याला मोठं शिस्तीत ठेवतं: जागा ठरलेली, आत काही घालायचं नाही. तुम्ही समासात लिहिता, घडीवर लिहिता, शेवटची ओळ पत्त्याच्या मागे उभी लिहिता. मुंबईच्या संपादकाचं उत्तर आठवड्याने येतं. ते यायच्या आत तुम्हीच आपल्या गोष्टीतला खोटा परिच्छेद शोधून काढलेला असतो. उत्तर लगेच आलं असतं तर तो छापून गेला असता.

सगळ्यात खाली पुठ्ठा आहे. त्यावर काही नाही, नुसता वाचनालयाचा शिक्का, आणि त्यात स्थापनेचं साल: 1864.

आता दिवाही नाही. तुम्ही रुळांच्या कडेने कल्याणकडे चालता. हे रूळ जुने आहेत, 1855 मध्येच गाडी वाशिंदपर्यंत गेली. दोन्ही बाजूंना भातखाचरं, खाडीत पडाव, मागे दुर्गाडीचा बुरूज. साल 1881. वाचनालयात 'निबंधमाले'चे अंक आहेत, आणि जानेवारीपासून 'केसरी' येऊ लागला आहे. माणसं मोठ्याने वाचतात, बाकीची ऐकतात. बाई एकही नाही.

बोलणं मात्र एका बाईबद्दल चाललंय. पारनाक्यावरच्या जोशांची यमू. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न पोस्टातल्या गोपाळराव जोशांशी झालं, तिची आनंदी झाली, आणि नवऱ्याने हट्टाने तिला शिकवलं. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं. आता ती डॉक्टर व्हायचं म्हणते. ओट्यावरचे लोक नवऱ्याला नावं ठेवतात. तुम्ही गप्प ऐकता, कारण पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

गोपाळरावांनी कोल्हापूरहून मदतीसाठी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी यायची वाट पाहत होत्या. तिथे तो अंक पडला होता. त्यांनी चाळला, आणि घरी येऊन अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. उत्तर आलं. मग बोटीमागून बोट, सुएझमार्गे, एक पत्र पोचायला महिन्याहून अधिक. सण, जेवण, कपडे, देव, आजारपण, दोघींनी एकमेकींना सगळं विचारलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अजून भेट नव्हती.

भेट झाली 4 जून 1883 ला, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर. आनंदीबाई अठरा वर्षांच्या होत्या. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला जाईपर्यंत त्या रोझेललाच मावशींच्या घरी राहिल्या. 11 मार्च 1886 ला डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बाविसाव्या वर्षात. अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठवल्या. त्यांनी त्या पोकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. पत्राने जोडलेलं माणूस त्यांनी आपल्यातलं मानलं होतं.

वाचनालयाच्या पायरीवर एक पोस्टकार्ड पडलंय. एक पैशाचं, दोनच वर्षांपूर्वी निघालेलं. कोरं आहे. तुम्ही ते उचलायला वाकता.

बोटांना माती लागते. गॅलरी. मोगऱ्याच्या कुंडीत वाकलेले तुम्ही. कुठेतरी कुकरची शिट्टी होते, पाऊस पुन्हा भुरभुरायला लागतो. फोनचा पडदा काळा झालाय, तुम्ही तो जागा करता. चारच मिनिटं झालीत. ती वाट पाहत असेल, किंवा भांडी घासत असेल.

हात पुसून तुम्ही लिहिता: "सांगा, कल्याणला पाऊस सुरू झाला. आणि जमलं तर शिळेजवळ काय काय उगवलंय ते नीट बघून कळवा. नावं चुकवू नका."

निळ्या खुणा उमटतात. पलीकडे ती टाइप करत आहे.