थापटण्याची कुळकथा

'अजून कच्चं मडकं आहे' असं आपण एखाद्याविषयी सहज बोलून जातो. या शब्दामागे कुंभाराची भट्टी आहे हे उघड आहे, पण मराठी माणसाच्या कानात त्याबरोबर एक सभाही वाजत असते. परंपरेने ती सभा धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी, तेरणेच्या काठी, संत गोरोबाकाका कुंभारांच्या घरी भरवली आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी मंडळी जमली आहेत. मुक्ताबाईला कोपऱ्यातलं लाकडी थापटणं दिसतं आणि ती विचारते, काका, हे कशाचं? मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं, असं काका सांगतात. मग आमची मडकी तेवढी पाहून सांगा, असं म्हटल्यावर गोरोबा उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे शांत बसतात, नामदेव चिडतात, आणि निकाल लागतो की हे एक मडकं कच्चं राहिलं. तत्त्वज्ञानाच्या परिषदेची कुळकथा सांगायची तर ती पॅरिसहून सुरू करण्याचा प्रघात आहे. मला ती तेरहून सांगावीशी वाटते. आजच्या परिषदेचा मांडव युरोपातून आला हे खरं. पण माणसाने अशा मांडवात जायचं कशासाठी, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर आपल्याकडे या थापटण्यापाशी आहे.

आधी शब्द पाहू. परिषद म्हणजे भोवती बसणं, आणि 'उपनिषद' या शब्दातही तोच बसण्याचा धातू आहे. एकच गोष्ट दोन उपनिषदांत येते: आरुणीचा मुलगा श्वेतकेतू पांचालांच्या सभेला जातो. छांदोग्य त्या सभेला 'समिती' म्हणतं, बृहदारण्यक 'परिषद' म्हणतं. तिथे राजा प्रवाहण जैवली त्याला विचारतो, वडिलांनी तुला शिकवलं आहे ना? तो हो म्हणतो. मग राजा पाच प्रश्न घालतो. मेल्यावर माणसं कुठे जातात, इतकी माणसं जाऊनही ते जग भरून कसं जात नाही, अशा जातीचे ते प्रश्न. श्वेतकेतूला एकाचंही उत्तर येत नाही. तो रागाने घरी येतो आणि वडिलांनाच जाब विचारतो. वडील म्हणतात, मलाही हे ठाऊक नाही, चल, दोघं मिळून शिष्य होऊन राहू. बृहदारण्यकात मुलगा म्हणतो, तुम्हीच जा. आणि तो म्हातारा विद्वान खरोखरच एकटा राजाकडे जातो आणि विद्यार्थी होऊन राहतो. परिषदेला गेलेल्या माणसाची आपल्या वाङ्मयातली ही फार जुनी नोंद आहे, आणि ती नापास झालेल्या माणसाची आहे. जिंकून आलेल्यांच्या कथा तेव्हाही होत्या, तरी ही कथा दोन-दोन ग्रंथांनी जपली याला मी मोठा पुरावा मानतो.

जिंकण्याची कथा त्याच बृहदारण्यकात जनकाच्या यज्ञात येते. हजार गाई, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलेलं, आणि जो सगळ्यांत मोठा ब्रह्मवेत्ता त्याने त्या न्याव्यात अशी पैज. वाद सुरू होण्याआधीच याज्ञवल्क्य शिष्याला गाई हाकायला सांगतो. त्या सभेत पणाला लागतं ते डोकं. फार पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल, असा इशारा गार्गीला मिळतो. शाकल्याचं तर खरोखरच पडतं. पुढच्या शास्त्रकारांना या दोन तऱ्हांमधला फरक नेमका दिसला होता. न्यायसूत्रांनी सत्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची पाडायची ती वितंडा, असे भाग पाडले. चरकसंहितेने वैद्यांसाठी तेच व्यवहाराच्या भाषेत सांगितलं: संभाषा दोन प्रकारची, मिळून केलेली आणि भांडून केलेली. मिळून केलेल्या संभाषेत हरण्याची भीती बाळगू नये आणि जिंकल्याचा डौल मिरवू नये, असा तिथला उपदेश आहे. परिषदेला जाणाऱ्या माणसाला याहून उपयोगी सूचना आजच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

परिषद या शब्दाला मध्ये एक वेगळं वळणही मिळालं. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात परिषद म्हणजे धर्मनिर्णय देणारं मंडळ: दहा जणांचं, निदान तीन वेद जाणणाऱ्या तिघांचं. त्यांनी बसून ठरवलं की तो धर्म. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागायला गेलेल्या ज्ञानदेवादी चार भावंडांची आख्यायिका या परिषदेची आहे. तिथे परीक्षा होती ती जन्माची. तीच भावंडं तेरच्या कथेत पुन्हा एका परीक्षेला बसतात, आणि या वेळी परीक्षक कुंभार आहे. प्रश्न काढला आहे एका पोरसवदा मुलीने. परंपरेतल्या सालांप्रमाणे तेव्हा मुक्ताबाई विशीच्या आतलीच असेल. संन्याशाची ही मुलं आणि शिंपी नामदेव एकाच रांगेत डोकी पुढे करून बसले आहेत. पैठण आणि तेर ही दोन गावं पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्येही जोडीने येतात: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून कापड भडोच बंदराला जातं. त्या वाटेच्या एका टोकाला जन्म तपासणारी परिषद आणि दुसऱ्या टोकाला पक्वता तपासणारी, अशी मांडणी परंपरेने जाणून केली असेल वा नसेल, पण परिषदेत कोणी बसावं या प्रश्नाचं उत्तर या दोन टोकांमध्ये पार पालटलं आहे.

आता ते थापटणं हातात घेऊन बघायला हवं. चाकावरून उतरलेलं मडकं जाड बुडाचं आणि ओबडधोबड असतं. ते थोडं सुकलं की कुंभार एका हाताने आतून गोळा धरतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जातो. आतला आधार आणि बाहेरचा मार यांच्यामध्ये माती पातळ होते, दाटते, पोट गोल होतं. आतला हात नसेल तर त्याच माराने मडकं चेपेल. म्हणजे हे मुळात घडवायचं हत्यार आहे. भाजलेल्या मडक्याची परीक्षा बोटाच्या टिचकीनेही होते: पक्कं खणखणतं, कच्चं किंवा तडा गेलेलं बद्द वाजतं. गोष्टीने परीक्षेसाठी टिचकी न घेता थापटणं घेतलं, आणि तिथेच तिचा सगळा अर्थ आहे. भाजून तडकलेल्या मडक्याचं खापर होतं, त्याला पुन्हा चाक नाही. कच्च्याचं मात्र अजून काहीही होऊ शकतं. तेव्हा 'कच्चं' हा शेरा माणसाला बाहेर काढणारा ठरत नाही. सुधारायला अजून जागा आहे एवढंच तो सांगतो. मातीची ही जाण तेरला उपरी नाही. तिथलं त्रिविक्रम मंदिर मुळात भाजक्या विटांचं अर्धगोल पाठीचं चैत्यगृह आहे, आणि गावातल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती मांडलेल्या आहेत. कुठली माती वाजते आणि कुठली नाही, हे गोरोबांच्या आधी हजार वर्षं या गावाला ठाऊक होतं.

पहिला आक्षेप इतिहासाचा, आणि तो वजनदार आहे. ज्ञानदेवांची समाधी 1296ची. म्हणजे ही बैठक झाली असलीच तर त्याआधीची. तिचा समकालीन कागद नाही. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत ती येते, आणि महिपतींनी 1762मध्ये पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'तून ती घरोघर पोचली. बैठक घडलीच, असा दावा मी करणारही नाही. पण चालीरीतीची कुळकथा शोधताना घटनेइतकाच आदर्शही पुरावा असतो. श्वेतकेतू पांचालांकडे खरंच गेला होता का, हे कोण सांगणार? तरी जाणत्यांच्या सभेत गेल्यावर प्रश्न अंगावर घ्यायचे असतात, ही रीत त्या काळी ओळखीची होती, एवढं त्या गोष्टीवरून निश्चित होतं. तेरच्या गोष्टीवरून तेवढंच आणि तसंच निश्चित होतं.

दुसरा आक्षेप असा की ही भक्तीची गोष्ट आहे, तत्त्वज्ञानाशी तिचा काय संबंध? मला हा भेदच इथे लागू पडत नाहीसा वाटतो. नामदेव कच्चे ठरले ते कोणत्या मुद्द्यावर, ते पुढच्या कथेत कळतं. ते पंढरपूरला तक्रार घेऊन जातात, तर विठ्ठलही सभेचाच निकाल कायम करतो आणि गुरू शोधायला सांगतो. विसोबा खेचर त्यांना भेटतात ते शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणतात, देव जिथे नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय फिरवतात, आणि जिथे ठेवावेत तिथे लिंग. जे सर्वत्र आहे ते एका ठिकाणी आहे असं कोणत्या अर्थाने म्हणायचं, हा यातला प्रश्न आहे, आणि सगुण-निर्गुणाचा सारा वाद त्यावर उभा आहे. हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसेल तर तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही परिषदेत फारसं काही उरणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. तेरला जे गप्प बसले ते पक्के ठरले आणि जो बोलला तो कच्चा. मग ही परीक्षा विचारांची, की निमूटपणे मार खाण्याची? परिषदेचा प्राण तर हरकत घेण्यात आहे. यातलं बरंचसं मला मान्य आहे. गुरुपरंपरांनी या गोष्टीचा उपयोग प्रश्न दाबायला केला असेल तर तो गैरवापर आहे, आणि गोष्टीच्या बांधणीत त्याला वाव आहे हेही खरं. पण बारकाईने पाहिलं तर नामदेव हरकत घेत नाहीत. ही परीक्षा चुकीची आहे, किंवा पक्केपणाची तुमची व्याख्या सदोष आहे, असं ते म्हणत नाहीत. त्यांना लागतं, ते अपमानाने उठतात. हरकत आणि दुखावलेपण या दोन गोष्टी सभेत नेहमी एकमेकींत मिसळतात. आपल्या निबंधावर आलेला प्रश्न निबंधावर आहे की आपल्यावर, हे ज्याला वेगळं करता येतं तोच प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. शिवाय या सभेतला खरा प्रश्न मुक्ताबाईने विचारला होता, आणि तो विचारल्याबद्दल तिला कोणी कच्चं म्हटलं नाही.

आता आजच्या मांडवाकडे. तत्त्वज्ञानाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1900मध्ये पॅरिसला, जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भरली. तिचाच वंश पुढे चालत 2024मध्ये रोमला पंचविसाव्या जागतिक परिषदेपर्यंत पोचला. आपल्याकडे प्रतापशेठांनी 1916मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, आणि 1925मध्ये कोलकात्यात भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचं पहिलं अधिवेशन रवींद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली झालं. सत्राध्यक्ष, एकाच वेळी अनेक दालनांत चालणारी सत्रं, वीसेक मिनिटांचं वाचन आणि मग उरलेल्या वेळात प्रश्न ही सगळी रचना तिकडची. तेव्हा तेरचा आणि या परिषदांचा वंशवृक्ष एक नाही, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण ज्या भाषेत आपण यांना 'परिषद' म्हणतो त्या भाषेने तो शब्द एका अपेक्षेसकट दिला आहे. ती अपेक्षा आज कुठे आहे? यूजीसीच्या 2010च्या नियमांनी प्राध्यापकांसाठी एपीआय म्हणजे कामगिरीचे गुण आणले आणि परिषदेत वाचलेल्या निबंधाला आकडा मिळाला. आकडा वाचनाचा, उत्तराचा नाही. प्रश्नोत्तरांचा वेळ सगळ्यांत आधी कापला जातो. निबंध लांबला की सत्राध्यक्ष वेळेअभावी आभार मानतात, आणि संध्याकाळी सहभागाचं प्रमाणपत्र प्रत्येकाच्या हातात पडतं. थापटणं न उचलताच साऱ्या मडक्यांना पक्कं म्हणून बाजारात पाठवण्यासारखं हे आहे, आणि यात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते तरुण अभ्यासकाचं. विसोबांकडे जायला हवं, हे त्याला कोणी सांगतच नाही. उलट करून पाहण्यासारखं आहे: वाचन दहा मिनिटांचं, प्रश्न तीस मिनिटांचे, आणि निबंध न्यायचा तो भट्टीतून निघालेला नको, अर्धवट सुकलेला, जिथे ठोकल्यावर आकार बदलेल असा. आतला हात मात्र हवा. प्रश्न विचारणाऱ्याने आधी निबंधाच्या आत हात घालून त्याचा आधार शोधला पाहिजे. नुसता बाहेरून मार म्हणजे चरकाने सांगितलेली दुसरी संभाषा.

तेरच्या सभेचा वृत्तांत कोणाच्या तोंडून आला, हे शेवटी महत्त्वाचं ठरतं. परंपरेप्रमाणे गोरोबांनी तो लिहिला नाही, ज्ञानदेवांनीही नाही. ज्याला कच्चं म्हटलं गेलं त्याच्याच अभंगांत तो आहे. विसोबांकडून परतलेला हा शिंपी पुढे पंजाबपर्यंत गेला, आणि त्याची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात विराजमान आहेत. मराठीचं अखिल भारतीय साहित्य संमेलन 2015मध्ये त्याच्या पंजाबातल्या घुमान गावी भरलं. पाच वर्षांनी, जानेवारी 2020मध्ये, 93वं संमेलन धाराशिवला झालं, आणि संमेलनाच्या नगरीला नाव दिलं होतं गोरोबाकाकांचं.