देवलांची पदे: नाटकातली आणि मैफलीतली

गेल्या हिवाळ्यात नेवाशात एका संध्याकाळी गोविंद बल्लाळ देवलांच्या नाट्यपदांचा कार्यक्रम झाला. दोन गायक, दोन गायिका, ऑर्गन, तबला आणि निवेदक एवढाच संच. आम्ही एम. ए.च्या वर्गाला घेऊन गेलो होतो, कारण 'संगीत शारदा' हे नाटक वर्गात शिकवायला घेतले होते. कार्यक्रम रंगला. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. मात्र निवेदकाने मध्येच सांगितले की, या नाटकाचा प्रभाव एवढा की बालविवाहविरोधी कायद्यालाच 'शारदा कायदा' हे नाव मिळाले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या निम्म्या वह्यांत हे वाक्य उतरलेले होते.

हे विधान खरे नाही. १९२९ च्या त्या कायद्याला लोक ज्या नावाने ओळखतात ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून आले आहे. विधेयक त्यांनी मांडले होते. देवलांच्या नायिकेशी त्याचा संबंध केवळ नामसादृश्याचा. चूक लहान आहे, पण तिच्या निमित्ताने या प्रकारच्या कार्यक्रमांनी आपल्याला काय दिले आणि आपल्याकडून काय नेले, याचा हिशेब मांडावासा वाटला.

देवलांचा जन्म १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे शिक्षक होते. पुढे गुरूच्याच नाटक मंडळीत देवल नटांना तालीम देणारे म्हणून नावाजले. 'दुर्गा' (१८८६), ऑथेल्लोवरून रचलेला 'झुंझारराव' (१८९०), मोलियरच्या मूळ कल्पनेवरचा 'फाल्गुनराव' (१८९३) आणि १८९९ ची स्वतंत्र सामाजिक 'शारदा' असा त्यांचा प्रवास. 'फाल्गुनरावा'त पदे घालून त्याचा 'संशयकल्लोळ' झाला तो १९१६ साली. त्याच वर्षी देवल गेले. तालीम मास्तर असल्यामुळे नटाच्या तोंडात कोणता शब्द सहज बसेल, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांच्या पदांतला बोलण्याचा सूर तिथून आलेला आहे.

नाट्यपद नाटकाबाहेर पडले ते मात्र आजचे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीच ग्रामोफोनच्या तबकड्यांनी त्याला तीन मिनिटांत बसवले. १९३२ नंतर मराठी बोलपट आले आणि नाटक मंडळ्या एकामागून एक मोडल्या. पदे मग आकाशवाणीच्या आणि ख्यालगायकांच्या आश्रयाला गेली. मैफलीच्या उत्तरार्धात एखादे नाट्यपद म्हणण्याचा प्रघात पडला आणि त्यातूनच केवळ पदांचा, पुढे एकाच नाटककाराच्या पदांचा कार्यक्रम उभा राहिला. हा कार्यक्रम म्हणजे मोडलेल्या घरातून वाचवलेली भांडी आहेत, हे विसरता कामा नये. त्याच्या उणिवा बोलताना कृतज्ञता सोडायची नाही.

त्याचे पहिले बळ व्यावहारिक आहे. चार-पाच तासांचे संगीत नाटक आज तालुक्याच्या गावी कोण आणणार? नेपथ्य, पोशाख, गाऊ शकणारे नट यांचा खर्च कुणाला झेपणार? सात माणसांचा संच मात्र एका गाडीत येतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणीही 'शारदा' रंगमंचावर पाहिलेले नाही, पण तिची चार-पाच पदे आता त्यांच्या कानांत आहेत.

दुसरे बळ वाङ्मयीन आहे. एकाच कवीची पदे ओळीने ऐकली की त्याची भाषा दिसू लागते. देवलांचे शब्द घरातले, ओसरीवरचे आहेत. किर्लोस्करांच्या संस्कृत वळणाच्या पदांशेजारी ते ठेवले की फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि स्त्रियांच्या गाण्यांतल्या चाली एकापुढे एक येतात, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी घराचा कान कसा घडला होता, याचाही अंदाज येतो. पुस्तकात छापलेले पद हे देऊ शकत नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी अशी की मैफलीत पद उरते आणि ते बोलणारे माणूस जाते. 'शारदे'त पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाची थट्टा करणारे प्रसिद्ध पद मुलींच्या घोळक्यात म्हटले जाते. मैफलीत त्यावर हशा येतो आणि ठेका धरला जातो. नाटकात तो हशा ऐकणारी शारदा तिथेच असते. कांचनभट तिला पैशासाठी त्याच म्हाताऱ्याला देऊ पाहत आहे, ही गोष्ट त्या थट्टेखाली सतत जळत असते. मैत्रिणींच्या हसण्याने शारदेचे एकटेपण वाढते, आणि नाटककाराने ते पद त्यासाठीच तिथे ठेवले आहे. शारदा काढून घेतली की उरतो तो निव्वळ विनोद.

दुसरी उणीव गायकीची. १९११ च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हापासून नाट्यपद रागदारीच्या अंगाने फुलू लागले. ते वैभव खाडिलकरांच्या पदांना शोभले. देवलांची बहुतेक पदे संवादाच्या ओघात येऊन संवादातच विरणारी आहेत. लग्नाच्या धास्तीने थिजलेल्या मुलीच्या पदावर दहा मिनिटे आलाप-ताना झाल्या की टाळी गळ्याला मिळते, भीती मात्र सभागृहातून निघून जाते.

तिसरी उणीव निवडीची. 'झुंझारराव' गद्य नाटक, म्हणून कार्यक्रमात त्याचे नावही येत नाही. पदांपुरता देवल म्हणजे अर्धा देवल. चौथी उणीव निवेदनाची, तिच्यापासूनच आम्ही सुरुवात केली. गौरवाच्या भरात सांगितलेली गोष्ट कुणी तपासत नाही आणि ती वहीत जाऊन बसते.

त्या आठवड्यात आम्ही वर्गात तो थट्टेचा प्रवेश मोठ्याने वाचून घेतला. वाचन संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग त्या दिवशी आपण हसलो ते कशाला?" कुणी उत्तर दिले नाही. आमचा भाग उसाचा आहे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले होते, १९७८ साली ते अठरा झाले, २००६ साली नवा कायदा आला. तरीही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून मुलींची लग्ने अजून लवकर उरकली जातात. वर्गातल्या कित्येकींना अशा मैत्रिणी ठाऊक आहेत. 'शारदा' त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची गंमत नव्हे.

कार्यक्रम बंद करावेत असे आमचे म्हणणे नाही, उलट ते अधिक व्हावेत. मात्र पदाआधी त्या प्रवेशातले चार संवाद वाचावेत, चाल कुठून आली ते सांगावे, एखादे अपरिचित पद घ्यावे, एक पद तरी नाटकात होते तेवढेच म्हणावे. याला जादा खर्च येत नाही.

नेवाशात ज्ञानेश्वरांचा म्हणून जो खांब पुजला जातो, तो ज्या देवालयाचा होता ते मूळ देवालय उरले नाही. खांब उरला, आणि त्याच्या भोवती लोकांनी पुन्हा मंदिर बांधले. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या 'पैस' या संग्रहाला नाव दिले ते या खांबावरूनच. देवलांची पदे अशीच उरली आहेत. त्यांच्या भोवतीचे नाटक पुन्हा उभे करण्याचे काम मैफलीने निम्मे करावे, उरलेले निम्मे आम्हा शिकवणाऱ्यांचे आहे. निवेदकाला बोल लावण्याआधी तेवढे आम्ही केले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.